वाचकांचे प्रश्न : शहादा आणि जळगाव टेलिफोनच्या तारेने जोडताना

प्रश्न : खते, बियाणे आणि ठिबकच्या साहित्याचे आमचे मुख्य दुकान जळगावला असून शाखा शहाद्याला आहे. दोन्हीकडचे संगणक आपापल्या जागी लॅनने, म्हणजे दुकानातल्या दुकानात टाकलेल्या तारांनी, जोडलेले आहेत. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहून घेतलेला स्टॉक आणि उधारीचा प्रोग्राम दोन्हीकडून एकत्र चालावा म्हणून आम्ही संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणारे ५६ केचे (सेकंदाला ५६,००० बिटचे) दोन मोडेम घेतले आणि दोन्ही ठिकाणी विंडोज एनटीचा सर्व्हर बसवला. जोडणी मात्र सेकंदाला २८,८०० बिटच्या वर जात नाही. शहाद्याहून एक खाते शोधायला कधी कधी पाऊण तास जातो आणि रात्री कोणी नसतानाही फोन आपोआप लागत असल्याने एसटीडीचे, म्हणजे परगावच्या फोनचे, बिल डोईजड झाले आहे. आमचे काय चुकले?
— एक वाचक, शहादा

उत्तर : आपले मोडेम बिघडलेले नाहीत. एक्स्चेंजमध्ये आपल्या तारेवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून त्याचे आकडे केले जातात आणि या रूपांतरात जी बारीक तफावत राहते ती वेगाला आड येते. १९९८ मध्ये ठरलेल्या मोडेमच्या व्ही.९० मानकात ५६ केचा वेग साधला, तो इंटरनेट पुरवणाऱ्याचे टोक थेट डिजिटल असते म्हणून, आणि तोही फक्त ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेने. आपली दोन्ही टोके साध्या तांब्याच्या तारेवर आहेत. तिथे कमाल मर्यादा ३३,६०० चीच राहते. शहादा ते जळगाव एवढ्या अंतरावर २८,८०० मिळत असेल तर लाइन चांगली आहे असेच मी म्हणेन.

खरी अडचण पुढे आहे. २८,८०० च्या लाइनवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३ किलोबाइट मजकूर जातो. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल (जिच्यात सगळ्या नोंदी असतात ती) जळगावच्या सर्व्हरवर असली तरी प्रोग्राम शहाद्याच्या संगणकात चालतो, त्यामुळे इंडेक्स (नोंदी चटकन सापडण्यासाठीची सूची) न वापरता एखादे नाव शोधले की ती सगळी फाइल तारेवरून ओढली जाते. फाइल ८ मेगाबाइटची असेल तर हिशेब पंचेचाळीस मिनिटांचाच होतो, म्हणजे आपला पाऊण तास. याहून मोठा धोका असा, की नोंद लिहिली जात असताना लाइन तुटली तर इंडेक्स बिघडतो आणि उधारीच्या खात्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून लॅनवर चालणारा प्रोग्राम जसाच्या तसा टेलिफोनवर ताणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहाद्याने आपल्या नोंदी आपल्याच संगणकावर कराव्यात आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्या दिवसाच्या नव्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढून, झिप करून, म्हणजे दाबून लहान करून, जळगावला पाठवाव्यात. दिवसाला ४०० नोंदी आणि प्रत्येक नोंद २०० बाइटची धरली तर ८० किलोबाइट होतात. डीबीएफमध्ये रिकाम्या जागा फार असल्याने झिप केल्यावर त्याचे २० किलोबाइटही होऊ शकतात आणि ते सात-आठ सेकंदांत पोहोचतात. दोन मोडेमना एकमेकांशी जुळवून घ्यायलाच त्याहून अधिक वेळ लागतो. दिवसा जळगावचा स्टॉक पाहणे अगदीच आवश्यक असेल, तर पीसीएनीव्हेअरसारख्या प्रोग्रामने जळगावचाच एक संगणक शहाद्याहून चालवावा. डॉसच्या पडद्यावर ८० गुणिले २५, म्हणजे २,००० अक्षरे असतात. तारेवरून तेवढीच येतात आणि फाइल जागची हलत नाही.

रात्रीच्या फोनचे कारण असे, की विंडोजचे संगणक एकमेकांची नावे विचारत सतत हाका मारत असतात, आणि आयपीएक्स ही संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत (प्रोटोकॉल) चालू असेल तर त्याची सेवांची यादी दर ६० सेकंदांनी प्रसृत होते. अशी प्रत्येक हाक पलीकडे न्यायची आहे असे समजून सर्व्हर नंबर फिरवतो. आयपीएक्स आणि नेटबीईयूआय हे प्रोटोकॉल काढून टाकून फक्त टीसीपी/आयपी हा इंटरनेटचा प्रोटोकॉल ठेवावा, जळगावला १९२.१६८.१.० आणि शहाद्याला १९२.१६८.२.० असे वेगळे पत्ते द्यावेत, मार्ग हाताने नोंदवून रिप (मार्गांची माहिती आपोआप पाठवत राहणारी सोय) बंद करावे आणि संगणकांची नावे आणि त्यांचे पत्ते एलएमहोस्ट्स फाइलमध्ये लिहावेत. नंबर फिरवण्याची मुभा ठरावीक वेळेपुरतीच ठेवावी आणि तीन मिनिटे काम नसेल तर लाइन सुटेल असे करावे. जळगावच्या सर्व्हरवर कॉलबॅक लावल्यास शहाद्याचा फोन आल्यावर तो लाइन तोडून ठरलेल्या नंबरवर उलट फोन करील, म्हणजे पासवर्ड कोणाच्या हाती लागला तरी परका माणूस आत येणार नाही.

मोडेमच्या लाइनवर समांतर टेलिफोन जोडू नका. कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी जाते. वेग वारंवार खालीवर होत असेल तर तो १९,२०० वर बांधून टाका, कारण स्थिर १९,२०० हा तुटक २८,८०० पेक्षा कामाचा असतो. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात मोडेम बंद कपाटात मुळीच ठेवू नका, तो तापून लाइन सोडतो. मृगाआधीच्या वळवात विजा टेलिफोनच्या तारेवाटे मोडेमपर्यंत येतात, म्हणून तारेवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला जोर अडवणारे उपकरण) बसवा आणि आभाळ भरून आले की तार काढून ठेवा. हा बदल बियाण्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वीच करून पाहा, आणि निदान पंधरा दिवस शहाद्याच्या नोंदींची छापील प्रत जळगावच्या खात्याशी रोज ताडून घ्या.