सोलापूरच्या आसपास गावाकडच्या खानावळीत जेवायचं असेल तर जागा कशी ओळखावी आणि काय मागवावं?

तुमचा प्रश्न असा, की पुण्याहून गाडीने आठ जण येताय, त्यात दोन लहान मुलं आणि एक आजी आहेत, तिघं शाकाहारी आहेत आणि एक जेवण तरी शहरातल्या हॉटेलाऐवजी गावाकडच्या खानावळीत करायचंय. मी एकच कसोटी सांगेन: भाकरी. रस्सा सकाळी करून ठेवता येतो, मसाला महिन्याचा कुटून ठेवता येतो, भाकरीला मात्र मघाचं काही चालत नाही. जिथे तुम्ही बसल्यावर परातीवर थापण्याचा आवाज सुरू होतो, तिथे बाकीचा स्वयंपाकही बहुतेक नीट असतो. जिथे भाकरी डब्यातून निघते, तिथे न बसता पुढची वाट धरलेली बरी.

हे का, ते समजून घ्या, म्हणजे तुम्हालाच पारख करता येईल. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून धरणारं प्रथिन, नसतं. ताजं पीठ आणि कढत पाणी यांच्या जोरावरच ती थापली जाते. पीठ जुनं झालं की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, थापताना कडा फाटतात, त्या फटींतून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. मग काही ठिकाणी त्यात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळतात. गरम असताना हे लक्षात येत नाही. ताटात पाच मिनिटं राहू द्या: भेसळीची भाकरी चामट होऊन ताणली जाते, निव्वळ ज्वारीची सरळ मोडते.

भाजण्याकडेही बघा. चूल बहुधा समोरच असते. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी तव्यावर टाकतात आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. पाणी सुकत आलं, पण अजून ओल आहे, तेवढ्यात उलटायची असते. उशीर झाला तर भेगा पडतात, घाई झाली तर ती तव्याला धरते. दुसरी बाजू भाजली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करतात आणि ती टम्म फुगते. वरचा पापुद्रा अख्खा सुटून आला तर हात बसलेला आहे असं समजा. त्या पापुद्र्यात मीठ-तेल किंवा शेंगाचटणी घालून आजीला आधी द्या, मऊ लागतो.

आता यातलं व्यवहाराचं गणित. एका तव्यावर, एका बाईच्या हातून, एक भाकरी व्हायला दोन-अडीच मिनिटं जातात. आठ माणसांना चौदा-पंधरा भाकरी धरल्या तरी अर्धा तास झाला. सगळ्या एकदम मागवल्यात तर पहिल्या दहा गार होऊन येणार. म्हणून बसल्याबसल्या सांगायचं, ‘मावशी, दोन-दोन आणा, आम्ही वाटून घेतो.’ रविवारी दीड ते तीन या वेळात हे जमत नाही, कारण तोच तवा सगळ्या टेबलांना पुरवायचा असतो. साडेबाराच्या आत टेकलात तर निवांत जेवण होईल.

जागा शोधताना पाट्यांच्या आकाराला भुलू नका. पाटीवर पनीर, चायनीज आणि चुलीवरचं मटण एकत्र असेल तर चूल दाखवण्यापुरती असण्याची शक्यता जास्त. चार-पाच पदार्थांची जागा बरी. पुण्याकडून येताना भिगवण लागतं, तिथे उजनीच्या पाणलोटामुळे मासळीच्या खानावळी आहेत. ते जेवण वेगळं, मासे हवे असतील तरच थांबा. इकडचं ज्वारी-मटणाचं जेवण हवं असेल तर टेंभुर्णी ओलांडून मोहोळच्या बाजूला या, किंवा सोलापुरात पोहोचून तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, विजयपूर यांपैकी एका रस्त्याला लागा. अक्कलकोट-विजयपूरच्या बाजूला ताटावर कानडी वळण दिसतं: कारळ-जवसाच्या चटण्या, अंबाडीची भाजी, कडक भाकरी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी तर नावाजलेलीच आहे, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या बाजूला गेलात तर साधी भाकरी-पिठल्याची ऑर्डरही वाया जात नाही. पुणे-सोलापूर रस्ता दुभाजकाचा आहे. खानावळ पलीकडच्या हाताला असेल तर पुढच्या कटपर्यंत जाऊन वळा. उलट्या दिशेने घुसणाऱ्या गाड्या त्या रस्त्यावर रोज दिसतात, तुम्ही त्यात भर घालू नका.

फोन करून जा, आणि फोनवर चार गोष्टी विचारा. मटण आज आहे का (सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण या काळात अनेक ठिकाणी नसतं), शेळी-बोकडाचं की बोलाईचं म्हणजे मेंढीचं (बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत शेळीचं चालत नाही, म्हणून पुष्कळ खानावळी तसं पाटीवरच लिहितात), कुटुंबासाठी बसायची वेगळी सोय आहे का, आणि दारू पिणारी गिऱ्हाइकं बसतात का. शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. मालकांना त्याची सवय असते, आणि मुलं-आजी बरोबर आहेत म्हटल्यावर ते स्वतःच सांगतात, दुपारी या की संध्याकाळी.

मटणाचं असं, की आधी ते हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. मग त्यातले तुकडे काढून सुक्कं करतात आणि उरलेल्या पाण्याला काळ्या मसाल्याची फोडणी देऊन रस्सा. म्हणजे रस्सा जेवढा अळणीवर उभा, तेवढा तो खरा. अळणी आधी वाटीभर मागून चाखा. त्याला मटणाची गोडी असेल आणि वर पातळ चरबीचे डोळे दिसत असतील तर पुढचं जेवण चांगलं. नुसतं हळदीचं पाणी लागलं तर रस्सा मसाल्यानेच ओढून नेलेला असणार. तर्रीचा लाल रंग बघून ठरवू नका, रंग नुसत्या मिरचीपुडीनेही येतो. काळ्या मसाल्यात सुकं खोबरं, धने, तीळ, कांदा, दगडफूल, खडा मसाला असं सगळं तेलावर काळपट होईपर्यंत भाजलेलं असतं. भाजणं कमी पडलं तर रस्सा कच्चट लागतो, जास्त झालं तर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहतो. आणि रस्सा ताटात सहज वाहायला हवा. दाट असेल तर दाण्याचं कूट किंवा फुटाण्याचं पीठ टाकून वाढवलाय का, असा संशय घ्यायला हरकत नाही.

किलोवर हंडी मागवणार असाल तर वजन कच्च्याचं की शिजलेल्याचं, हे आधीच विचारून घ्या. शिजताना मटण पाव ते एक तृतीयांश आटतं, त्यात हाडं आलीच. तुमच्यातले मुलं आणि आजी वजा करता मटण खाणारे दोन-तीनच मोठे उरत असतील, तर अर्धा किलो कच्च्याची हंडी पुरे, वर अळणी आणि रस्सा मिळतोच. चुलीवर मटण शिजायला तास-सव्वा तास लागतो, म्हणून ताजी हंडी हवी तर निघतानाच कळवा. दुपारी चारला मिळणारं मटण सकाळचं गरम केलेलंच असतं. चवीला वाईट नसतं, पण सुक्कं तोवर कोरडं पडलेलं असतं.

‘तिखट कमी करा’ हे सांगून उपयोग नाही, मसाला आधीच पडलेला असतो. उपाय अळणीचा आहे: मुलांना अळणी-भात द्या, आणि मोठ्यांपैकी कुणाला रस्सा झेपत नसेल तर त्यातच अर्धी वाटी अळणी मिसळा. लिंबू पिळल्याने तिखटपणा जात नाही, ताकाने उतरतो. पाणी मात्र बाटलीचं किंवा फिल्टरचंच घ्या, बोअरच्या पाण्याला बहुतेक ठिकाणी मचूळ चव असते.

शाकाहारी तिघांनी मन मारून जेवायचं कारण नाही. इकडचं शाकाहारी ताट मुळातच भरलेलं असतं: शेंगदाण्याची आमटी, भरलं वांगं, पिठलं किंवा झुणका, ठेचा, दही, कच्चा कांदा, हंगामात मुळा आणि मेथी. करमाळ्याच्या बाजूला गेलात तर बाजार आमटी मागा, मिश्र डाळींची, झणझणीत, भाकरी चुरून खायची. धपाटे असतील तर दह्याबरोबर घ्या, मुलं आवडीने खातात. एक गोष्ट स्पष्ट विचारा: शाकाहारी आमटीची तर्री आणि पळी वेगळी आहे ना? चूल एकच असली की घाईत पळीही एकच फिरते. आणि कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर इथे फार जपावं लागेल, कारण दाण्याचं कूट भाजीत, आमटीत, चटणीत, कोशिंबिरीत, सगळीकडे असतं.

शेंगाचटणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सोलापूरची म्हणून जी मिळते त्यातली बरीच नुसती तिखट पूड असते. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर सालं सुटेपर्यंत भाजायचे, सालं पाखडायची, मग दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून उखळात कुटायचं. कुटण्याच्या दाबाने दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी लगद्यासारखी एकत्र येते. मिक्सरचं पातं दाणा कापतं, दाबत नाही, म्हणून ती भुकटी होते. थांबत-थांबत फिरवली तर थोडीफार जमते, पण उखळाची सर नाही. ताटात आलेली चटणी चिमटीत दाबून बघा: गोळा टिकला आणि बोटांना तेल लागलं तर कुटलेली आहे. वरून तेल ओतून चकाकी आणलेली चटणी बोटांत सुटी होते.

कडक भाकरी ही आणखी एक इकडची गोष्ट. पातळ थापतात आणि मंद आचेवर कापडाने दाबत-दाबत सगळी ओल काढतात, म्हणून ती कित्येक दिवस राहते. चावून खाण्यापेक्षा ताटात चुरून त्यावर आमटी किंवा रस्सा ओता आणि दोन मिनिटं मुरू द्या. आजींना दह्यात भिजवून चालेल.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत येणार असाल तर खानावळीऐवजी शेतावरचा हुरडा बघा. गुळभेंडी, सुरती असं वाण विचारा, आणि कणसं आज कोवळी आहेत का हेही विचारा. एका रानात हुरड्याची अवस्था थोडेच दिवस टिकते, मग दाणा टणक होतो आणि कितीही भाजला तरी चावत बसावं लागतं. आगटीतून काढलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळावं लागतं, गार झाल्यावर दाणा सुटत नाही. हुरडा जड असतो, त्यावर लगेच पूर्ण ताट घेऊ नका, ताक घ्या. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा हट्ट करू नका. पारा चाळिशीच्या वर असतो, आजींना त्रास होईल. संध्याकाळी साडेसातनंतर या.

निघताना चटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या. चटणी कधी कुटली ते विचारा आणि चिमूटभर चाखा. दाण्याचं तेल खवट झालं असेल तर जिभेवर लगेच कळतं. चांगली चटणी बाहेर पंधरा दिवस सहज टिकते, फक्त ओला चमचा लावू नका. कडक भाकरी पिशवीत उभी ठेवली तर पुण्यापर्यंत चुरा होतो, पसरट डब्यात आडवी रचून मध्ये कागद घाला.