मामांचं बरोबर होतं

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते, धड बोलता आलं नाही. तू रडतेयस एवढंच कळलं. बाकीचं काल तुझ्या आईकडून ऐकलं. आज मला सुट्टी आहे, म्हणून सावकाश लिहिते.

मामेबहिणीच्या साखरपुड्यात जेवणं उरकल्यावर मामांनी आपल्या मॉर्मन मंडळीच्या संस्थापकांवरून चारचौघांत विचारलं, "काय गं, तुमच्या जोसेफ स्मिथला बायका किती?" तू ताडकन म्हणालीस, "एकच, एमा. बाकीचं सगळं विरोधकांनी उठवलेलं आहे." मग मामेभावानं मोबाइल काढून वाचून दाखवलं, आणि तो लेख निघाला आपल्याच मंडळीनं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला.

सगळ्यांसमोर हरलीस म्हणून तू रडलीस. पण बाळ, मामांचं बरोबर होतं. तुला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं याचा दोष माझ्याकडे येतो.

चार वर्षं रविवारच्या वर्गात तू माझ्यासमोर बसलीस. मंडळीच्या इतिहासाचा धडा आला की अमेरिकेतल्या पालमायराजवळची ती राई, १८२० सालची तिथली लहानग्या जोसेफची प्रार्थना, मॉर्मनच्या ग्रंथाचे सोन्याचे पत्रे, जोसेफ मारले गेले तो कार्थेजचा तुरुंग, हे सगळं मी जीव ओतून सांगायचे. बहुपत्नीकत्वापाशी आले की ते थांबवणारा, तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांचा १८९० चा जाहीरनामा सांगायचा आणि पान उलटायचं. "तेव्हा होतं, आता नाही," एवढंच. मुलं लहान आहेत, असं मी मनाशी म्हणायचे. खरं तर ते शब्द माझ्याच तोंडून निघत नव्हते. तेव्हा सांगायला हवं होतं ते आज लिहिते.

जोसेफ स्मिथ यांनी एमाखेरीज पुष्कळ स्त्रियांशी विवाहबंधन केलं. तो आकडा तीस ते चाळीसच्या दरम्यान असावा, असं तो लेखच म्हणतो. त्यांतल्या काहीजणी आधीच दुसऱ्यांच्या बायका होत्या. सर्वांत लहान हेलन मार किंबल, तिला पंधरावं पूर्ण व्हायला काही महिने होते. काही बंधनं फक्त परलोकापुरती होती असं मानलं जातं, सगळी तशी नव्हती. एमाला याचा किती जाच झाला, तेही त्या लेखात आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पंधरा दिवस मला धड झोप नव्हती. माझी मुलगी त्या वेळी चौदा वर्षांची होती.

मी विश्वासात आहे, तू जाणतेस. तरी हेलनच्या नावाशी आजही माझं पाऊल अडतं, आणि ते अडणं मी मोडून काढलेलं नाही. तेव्हा "त्या काळी असंच असायचं" हे उत्तर तू कुणाला देऊ नकोस. त्या काळीही लोक हादरले होते. जोसेफ राहत त्या नावू शहरातल्या काही जणांनी जून १८४४ मध्ये वर्तमानपत्र काढून हे उघड छापलं. नगरपरिषदेनं तो छापखाना मोडायचा हुकूम दिला, आणि नगराध्यक्ष होते स्वतः जोसेफ. त्याच प्रकरणातून ते कार्थेजच्या तुरुंगात गेले, आणि २७ जूनला जमावानं तिथं घुसून त्यांना आणि त्यांच्या भावाला ठार केलं. कार्थेजची गोष्ट सांगताना माझा गळा दाटून यायचा, तुला आठवत असेल. छापखान्याची गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही.

त्या तुरुंगात जॉन टेलर होते. अंगात गोळ्या शिरूनही ते वाचले, आणि पुढं मंडळीचे तिसरे अध्यक्ष झाले. भित्रा माणूस नव्हे. १८५० मध्ये फ्रान्समधल्या बुलोन शहरात इंग्रज विरोधकांशी त्यांचा तीन रात्री जाहीर वाद झाला. बहुपत्नीकत्वाचा आरोप आला, तेव्हा त्यांनी मंडळीच्या ग्रंथातला १८३५ सालचा विवाहावरचा उतारा वाचून दाखवला: एका पुरुषाला एक पत्नी. त्या घटकेला टेलर यांना स्वतःला एकीहून अधिक पत्नी होत्या. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८५२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या सभेत मंडळीनं ते स्वतःच जगाला सांगितलं.

त्याच सभेत हिंदुस्थानात जाणाऱ्यांची नावं नेमली गेली. ह्यू फिंडले तर ही माणसं पोचण्याआधीच मुंबईत उतरले होते आणि पुढं पुण्यात, तुझं कॉलेज आहे त्याच पुण्यात, सुवार्ता सांगू लागले. रिचर्ड बॅलंटाइन १८५३ मध्ये मद्रासला पोचले आणि तिथल्या पाळकांच्या पत्रकांना पत्रकांनी उत्तरं देत राहिले. घरापासून हजारो मैल दूर, खिशात पैसा नाही, आणि पुढ्यात हा प्रश्न. बाप्तिस्मा घेऊन टिकले ते मोजकेच, तेही बहुतेक गोरे लोक, आणि थोड्याच वर्षांत ते काम बंद पडलं. कारणं बरीच होती. पण मी जेव्हा जेव्हा त्यांच्याविषयी वाचते तेव्हा वाटतं, बुलोनला जे झाकलं गेलं त्याची किंमत या माणसांनी आपल्या मुलखात येऊन मोजली. साखरपुड्याच्या मांडवात ती तू मोजलीस. टेलर जाणूनबुजून बोलले, तू नकळत बोललीस, हा फरक मोठा आहे. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच ऐकू येतं.

म्हणून माझं तुला पहिलं आणि जवळजवळ एकमेव सांगणं हे, की मंडळीसाठी खोटं बोलू नकोस, आणि तपासल्याशिवाय समोरच्याला खोटं ठरवू नकोस. "मला ठाऊक नाही मामा, वाचून सांगते," एवढं म्हणायला धीर लागतो, पण ते म्हणून झालं की पुढचं बोलणं माणसांसारखं होतं.

मामेभाऊ आता पुढचे प्रश्न आणेल. टोपी आणि दगडाचं विचारेल. हो, मॉर्मनचा ग्रंथ सांगताना जोसेफ टोपीत दगड ठेवून त्यात पाहत, असं जवळच्यांनी लिहून ठेवलंय, आणि त्या दगडाचं छायाचित्र मंडळीनंच २०१५ मध्ये छापलं. आपल्या वर्गातल्या चित्रात दगड नव्हता, खरं आहे. जोसेफनी इजिप्तच्या जुन्या पपायरसच्या गुंडाळ्यांवरून भाषांतर केला असं सांगितलं, त्या अब्राहामाच्या ग्रंथाचं विचारेल. जोसेफकडच्या पपायरसचे काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडून परत मिळाले. त्यांवरचा मजकूर त्या ग्रंथाशी जुळत नाही, हे इजिप्तचे अभ्यासक म्हणतात आणि मंडळीही मान्य करते. आपण कपड्यांच्या आत घालतो त्या पवित्र वस्त्रांवरून कुणी हसलं तर चिडू नकोस, मुंबईतल्या पारशांच्या सुदरे-कुस्तीची आठवण दे आणि विषय सोड. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

एका प्रश्नाशी मात्र मला थांबायचंय. काळ्या माणसांना १९७८ पर्यंत याजकपद का नव्हतं, हा तो प्रश्न.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली. गावच्या विहिरीत तिला पोहरा सोडता येत नसे. काठाशी उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. का, तर मागच्या जन्मीचं पाप. तिनं बाप्तिस्मा घेतला त्यात प्रभूवरचं प्रेम होतं आणि ती ओंजळही होती. मी या मंडळीत आले आणि १९७८ चं ऐकलं, तेव्हा बाहेरून आलेल्या एका सज्जन भावानं मला समजावलं की पृथ्वीवर येण्याआधीच्या जीवनात ते आत्मे कमी विश्वासू होते. माझ्या अंगावर काटा आला. विहिरीवरची भाषा मला इथं पुन्हा ऐकू आली.

जोसेफच्या हयातीत, १८३६ मध्ये, एलायजा एबल या काळ्या माणसाला याजकपद मिळालं होतं. १८५२ मध्ये जोसेफनंतरचे अध्यक्ष ब्रिघम यंग यांनी ते दार जाहीरपणे बंद केलं. जेन मॅनिंग जेम्स या काळ्या बाईला बफलोला बोटीवर घेतलं नाही, म्हणून ती घरच्यांना घेऊन पायी नावूला निघाली, आठशे मैल. पावलं फुटून रक्त आलं, असं तिनं पुढं आपल्या आठवणींत सांगितलंय. मंदिरातल्या आशीर्वादासाठी तिनं सॉल्ट लेक सिटीत वर्षानुवर्षं विनंत्या केल्या. तो तिला मिळाला नाही. १९०८ मध्ये ती गेली, शेवटपर्यंत विश्वासात.

जून १९७८ मध्ये ते दार उघडलं. २०१३ मध्ये मंडळीनं लेखी सांगितलं की शापाची, पृथ्वीवर येण्याआधीच्या जीवनातल्या पापाची ती सगळी स्पष्टीकरणं आम्ही नाकारतो. त्या दिवशी मी घरात एकटीच होते आणि आजीच्या फोटोसमोर मोठ्यानं तो मजकूर वाचला. यात माफी नाही, हे कुणी म्हणालं तर ते खरं आहे, नाही. मला ती हवी आहे. कुणी विचारलं की मी जेनची गोष्ट सांगते, सारवासारव करत नाही. देवानं हे करायला लावलं असं मी मानत नाही. माणसांनी केलं, संदेष्टे म्हणवणाऱ्या माणसांनी केलं, असं मला वाटतं. मंडळीत सगळेच असं म्हणणार नाहीत. तू तुझं ठरव, पण जेनला ओलांडून ठरवू नकोस.

आता मामांकडे येते. तुझ्या आईनं सांगितलं, जाताना ते म्हणाले, "तुम्ही ख्रिस्तीच नाही." इथं नमतं घ्यायचं कारण नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे, पण हेतूनं एक, असं आपण मानतो. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे, हे नायसियाच्या ३२५ सालच्या परिषदेनं ठरवलेले शब्द आपले नाहीत. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू शिष्यांसाठी प्रार्थना करतो की आपण जसे एक आहोत तसे तेही एक व्हावेत. माझी समजूत तिथली आहे. मामांना ही समजूत चुकीची वाटेल, आणि त्यांच्या शिकवणुकीप्रमाणे ती चूकच आहे. ते त्यांनी जरूर म्हणावं. पण वधस्तंभावर माझ्यासाठी कोण मेला, हे मला विचारलं तर माझं उत्तर त्यांच्याहून वेगळं नाही. हे हळू आवाजात सांगितलं तरी पुरतं.

पण त्या वाक्यामागं काय दुखतंय, ते बघितलंस का? त्या १८२० च्या प्रार्थनेविषयी जोसेफनी १८३८ मध्ये केलेल्या कथनात इतर मंडळ्यांच्या मतांगीकारांविषयी, म्हणजे श्रद्धेच्या ठरवून दिलेल्या कबुलीविषयी, प्रभूच्या तोंडी फार कठोर शब्द आहेत. आपण ते मुलांना शिकवतो. आणि तुला आपल्याकडं पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला, म्हणजे आधीचा आपण धरला नाही. तुझ्या आजोबांचाही धरत नाही. मामांचे वडील ते. ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांना भावकीनं टाकलं, जमिनीचा वाटा गेला, तो बाप्तिस्मा त्यांच्या स्वतःच्या नातीच्या मंडळीत मोजला जात नाही. मामांनी जोसेफच्या बायका मोजायला सांगितल्या खऱ्या, पण मला वाटतं मांडवात त्यांना विचारायचं होतं ते हे.

याला माझ्याकडं तयार उत्तर नाही. आपली शिकवण आहे ती आहे, मी ती मऊ करून सांगणार नाही. पण माझ्या आजीच्या त्या बाप्तिस्म्यावाचून मी प्रभूपर्यंत पोचलेच नसते, हे मी साक्षीच्या रविवारी उभी राहून सांगते, आणि आजवर कुणी मला खाली बसवलेलं नाही.

तू पुण्याला परतण्याआधी मामांकडं एकदा जा. एकटी जा, फोनवर नको. आधी सांग की त्या दिवशी तुमचं बरोबर होतं, मला माहीत नव्हतं, आता वाचलं. मामेभाऊ तिथं असला तर त्याच्यासमोर सांग. मग तुझं मंडळीचं काही काढू नकोस. आजोबांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट विचार: कुठली नदी होती, बरोबर कोण होतं, घरी परत आल्यावर काय झालं. तुझ्या आईला ती अर्धीच ठाऊक आहे. मामांना पूर्ण ठाऊक असावी.

रविवारी वर्गात मी छापखान्याचा आणि हेलनचा धडा घेणार आहे. शाखेच्या अध्यक्षांना तसं सांगून ठेवलंय. नव्या मुलांपुढं पहिल्यांदाच बोलायचंय, हात थरथरतील. तू यायला हवी होतीस.

तुझी,
मावशी