घरपट्टीवरचा अधिभार आणि गावचा ठेवा

प्रश्न : माझी मुलगी व जावई अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका लहान नगरात राहतात. तेथे घरपट्टीवर थोडी जादा रक्कम आकारून तिच्यातून गरजूंची घरे, मोकळ्या जमिनी आणि जुन्या वास्तू या तिन्हींसाठी निधी उभा केला जातो, असे त्यांच्याकडून समजले. आमच्या गावातील दगडी पायऱ्यांची जुनी विहीर ढासळत चालली आहे, गायरानावर दरवर्षी थोडे थोडे अतिक्रमण होत आहे आणि स्वतःचे घर नसलेली कुटुंबेही आहेत. आमच्या ग्रामपंचायतीला असा निधी उभारता येईल का?
– एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा (कर्नाटक)

उत्तर : आपल्या मुलीने सांगितलेला कायदा सन २००० मध्ये झाला. त्यानुसार नगराला मालमत्ता कराच्या रकमेवर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार लावता येतो. घराच्या किमतीवर हा अधिभार नसतो. म्हणजे ज्याचा वर्षाचा कर ५,००० डॉलर आहे, त्याला सवलती धरल्या नाहीत तर फार तर १५० डॉलर जादा भरावे लागतात. अल्प उत्पन्न असलेल्यांना सूट देण्याची मुभा नगराला आहे. अधिभार लावायचा की नाही, हे मतदार मतपेटीतून ठरवतात. एकदा स्वीकारल्यावर किमान पाच वर्षे तो मागे घेता येत नाही. शिवाय जमिनीच्या दस्तनोंदणीवर राज्य जे शुल्क घेते, त्यातून साठलेल्या निधीतला वाटा दरवर्षी अशा नगरांना मिळतो.

या कायद्यातील माझ्या मते सर्वांत मोलाची तरतूद वाटणीची आहे. या निधीच्या वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान १० टक्के मोकळ्या जागांसाठी, किमान १० टक्के जुन्या वास्तूंसाठी आणि किमान १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी खर्च करावे लागतात किंवा राखून ठेवावे लागतात, आणि उरलेली रक्कम या कामांपैकी जेथे गरज जास्त असेल तेथे वापरता येते. पाच ते नऊ सदस्यांची समिती दरवर्षी जाहीर सुनावणी घेऊन गरजा ऐकते आणि शिफारस करते. नगरसभा ती शिफारस कमी करू शकते किंवा फेटाळू शकते, परंतु समितीने न सुचवलेल्या कामावर एक डॉलरही देऊ शकत नाही. या पैशातून घेतलेल्या जमिनीवर कायमचे निर्बंध नोंदवावे लागतात, त्यामुळे मोकळी म्हणून घेतलेली जमीन पुढच्या पिढीतील कोणी गुपचूप विकू शकत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. असा स्वतंत्र अधिभार ग्रामपंचायतीला केवळ ठराव करून लावता येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-एच (243H) नुसार कोणता कर पंचायतीने बसवावा आणि वसूल करावा, याचा अधिकार राज्य विधिमंडळाने कायद्याने द्यावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्येही आधी राज्याने कायदा केला आणि मगच नगरांनी मतदान केले, हे लक्षात घ्यावे. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. आपण भरतो त्या घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर वसूल होतो आणि तो ग्रंथालयांसाठीच असतो. वाचनालयासाठी जी युक्ती राज्याने मान्य केली, ती विहीर आणि गायरान यांच्यासाठी का मान्य करू नये, हा प्रश्न आपल्या आमदारांपुढे ठेवण्यासारखा आहे आणि तो ठेवला जावा असे मला मनापासून वाटते.

तोपर्यंत हाती काय आहे? घरांसाठी वाट बऱ्यापैकी रुळलेली आहे. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, राज्याच्या बसव वसतीसारख्या योजना राजीव गांधी ग्रामीण गृहनिर्माण महामंडळामार्फत चालतात आणि लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेत व्हावी लागते. अडचण पैशापेक्षा जागेची असते. घर मंजूर होते पण प्लॉट नसतो, मग सर्वांची नजर गायरानाकडे वळते आणि बेघर कुटुंबे व जनावरे पाळणारी कुटुंबे एकाच गावात एकमेकांसमोर उभी राहतात. तिन्ही कामांसाठी किमान वाटा आधीच ठरवून देण्याचे महत्त्व येथे कळते, कारण तसे केले की कोणाची गरज कोणाच्या हक्काच्या जागेवर भागवायची हा वाद दर सभेत नव्याने पेटत नाही.

गायरानाच्या बाबतीत कायदा गावाच्या बाजूने आहे. कर्नाटक जमीन महसूल नियम, १९६६ मधील नियम ९७ नुसार दर १०० जनावरांमागे १२ हेक्टर, म्हणजे सुमारे ३० एकर, जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवायची असते. आपल्या गावातील जनावरांची संख्या पशुसंगोपन खात्याकडून लेखी मिळवावी आणि गायरानाचे सर्व्हे नंबर व उतारे तिच्याशी ताडून पाहावेत. हे दोन कागद एकत्र ठेवले की गायरान कमी पडते की जास्त आहे, याचे उत्तर कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाही. त्यानंतर तहसीलदारांकडे मोजणी व हद्दीच्या खुणांसाठी अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्याच्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आहेत, त्याचा उल्लेख अर्जात अवश्य करावा. भूमिहीन मजुरांना शासनाने रीतसर दिलेल्या जागांचा त्या निकालाने वेगळा विचार केला आहे. म्हणून गायरान वाचवण्याच्या भरात गरीब कुटुंबाच्या रीतसर मिळालेल्या घरावर बोट ठेवू नये. देवराई किंवा जुनी झाडी असेल तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार पंचायतीने नेमायच्या समितीकडे तिची नोंद करून घ्यावी. बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील नल्लूरच्या चिंचवनाला २००७ मध्ये याच कायद्याखाली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

विहिरीची बाजू सर्वांत दुबळी आहे. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर किंवा बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती यांची कीर्ती दूरवर पोहोचलेली आहे, पण ज्या विहिरीवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरले तिची नोंद कोणत्याही संरक्षित यादीत नसते आणि यादीत नाही म्हणून पुरातत्त्व खात्याचा पैसाही येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये एखादी वास्तू त्या नगराच्या इतिहासात महत्त्वाची आहे, एवढे स्थानिक इतिहास मंडळाने ठरवले तरी ती निधीला पात्र होते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा मार्ग म्हणजे विहिरीला जलस्रोत आणि सामुदायिक मालमत्ता म्हणून विकास आराखड्यात घालणे. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत सामुदायिक मालमत्तांची देखभाल हा विषय आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधलेली होती आणि पावसाचे पाणी साठवणे हा त्याच पाणी विषयाचा भाग होता, तर उरलेल्या ४० टक्क्यांतून स्थानिक गरजेची कामे घेता येत होती. गाळ काढणे, कठडा आणि पायऱ्यांची दुरुस्ती यांना आराखड्यात स्थान मिळाले तर काम अडत नाही. मात्र दुरुस्तीत जुना दगड काढून सिमेंटचा गिलावा चढवला जाणार नाही, ही अट ठरावातच लिहावी. अनेक विहिरी पडझडीपेक्षा अशा दुरुस्तीनेच विद्रूप झाल्या आहेत.

प्रभाग सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. तेथे पंचायतीच्या खुल्या, म्हणजे विशिष्ट कामाला न बांधलेल्या, निधीतील ठरावीक हिस्सा या तिन्ही कामांना दरवर्षी देण्याचा आणि त्यासाठी महिला, पशुपालक व बेघर कुटुंबांचे प्रतिनिधी असलेली सल्लागार समिती नेमण्याचा ठराव मांडावा. तो कायद्याइतका बंधनकारक नसला तरी पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) आराखडा तयार करताना त्याची दखल घ्यावी लागते. अर्ज मराठीत देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. तरीही सोबत कन्नड प्रत जोडली तर भाषेचे कारण सांगून कागद बाजूला ठेवायला वाव राहत नाही. दोन्ही प्रतींवर शिक्क्यासह पोच घ्यावी.

प्रश्न : आमच्या गावचे जुने मंदिर हा खरा इतिहास आहे. अशा निधीतून त्याचा जीर्णोद्धार का करू नये?
– एक वाचक, चंदगड रस्ता, बेळगाव तालुका

उत्तर : आपली भावना योग्य आहे, मात्र सार्वजनिक कराच्या पैशाला येथे मर्यादा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या ॲक्टन नगरात एका चर्चला याच निधीतून अनुदान मंजूर झाले, तेव्हा करदात्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०१८ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक चित्रे असलेल्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी पैसे देण्यास मनाई केली. आपल्या घटनेतील अनुच्छेद २७ सुद्धा सांगतो की ज्या कराचे उत्पन्न खास एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खर्च होणार आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. त्यामुळे मंदिरासाठी घरपट्टीवर अधिभार मागू नये. मंदिर मुजराई खात्याच्या (देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या राज्याच्या खात्याच्या) यादीत असेल तर त्या खात्याकडे, संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आणि यांपैकी काहीच नसेल तर देवस्थान पंच कमिटीने ग्रामस्थांच्या वर्गणीतून काम करावे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढील आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असते. सभामंडप वाढवण्याचा विचार असेल तर ही चौकशी आधी करावी.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या मंजूर नकाशात बागेसाठी दाखवलेल्या जागेवर समाजभवन बांधण्याची तयारी चालू आहे. ते थांबवता येते का?
– एक गृहिणी, बेळगाव

उत्तर : येते. बेंगळुरूतील बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती, ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्दबातल ठरवले आणि परिसरातील रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही स्पष्ट केले. समाजभवन उपयुक्त असले तरी ते बागेची जागा भरून काढत नाही. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी. जागा महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाली असेल तर आयुक्तांकडे आणि झाली नसेल तर नगरविकास प्राधिकरणाकडे, रहिवाशांच्या सह्यांनिशी लेखी हरकत नोंदवावी. पाया खोदण्यापूर्वी घेतलेल्या हरकतीला न्यायालयात जितके वजन मिळते तितके स्लॅब पडल्यानंतर मिळत नाही, म्हणून नकाशाची प्रत येईपर्यंत थांबू नये. हरकत आधी दाखल करावी आणि प्रत नंतर जोडावी.