टायर चांगले घ्या, रिम्स राहू द्या

म्युनिकहून एका वाचकाचा मेल आलाय, थोडक्यात असा. त्यांच्याकडे माझदा एमएक्स-५ आहे, २०१८ चं मॉडेल, दोन सीटची, छत उघडणारी, २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेली. सिझनवाली नंबर प्लेट आहे, म्हणजे गाडी ठरलेल्या महिन्यांतच रस्त्यावर आणता येते, त्यांची एप्रिल ते ऑक्टोबर, वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर होतात. टायर अजून मूळचेच, नक्षी साडेचार मिलिमीटर शिल्लक, पण साइडवॉलला बारीक भेगा दिसायला लागल्यात. सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर ग्रोसग्लॉकनरला, ऑस्ट्रियातल्या आल्प्सच्या घाटरस्त्यावर, जायचंय आणि जानेवारीत दुसरं बाळ येतंय. त्यांच्या मनात आहे सेमी-स्लिक टायर (रेसट्रॅकच्या धर्तीचे, कमी नक्षीचे) आणि सोबत हलके फोर्ज्ड रिम्स, रिम्सचे १,९०० युरो, २४ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर. वहिनींचं म्हणणं, साठ युरोवाले चायनीज टायर टाका, नाहीतर गाडीच विकून टाका. दोघांनी मिळून मला विचारलंय की तुम्हीच सांगा. म्हणजे भांडणात मला ओढलंय, ठीक आहे.

आधी टायरचंच बोलू, कारण तो खर्च टळणारा नाहीये.

टायरच्या बाजूला डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे तुम्ही फोटोत पाठवलेत, २३१८. म्हणजे टायर बनला २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यात. आठ वर्षं होऊन गेली. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर बदला म्हणतात, टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा म्हणतात पण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या असंही म्हणतात, आणि तुमच्या टायरला तर भेगा पडल्यात. दुकानदार म्हणाला ना की नक्षी भरपूर आहे, अजून दोन सिझन सहज जातील, तो खोटं बोलत नाहीये. कायद्याने जर्मनीत १.६ मिलिमीटर पुरेसे आहेत, त्याखाली गेलात तर ६० युरो दंड आणि वाहतूक गुन्ह्यांच्या नोंदीत एक पॉइंट. तुम्ही त्यात बसताच. पण रबर कडक झालं की नक्षी कितीही असू दे, ओल्या रस्त्यावर टायर धरत नाही, आणि हे नक्षी मोजायच्या पट्टीवर दिसत नाही.

आता यातली पैशाची गोष्ट. रोज ऑफिसला गाडी नेणारा माणूस टायर झिजवतो, त्याने किलोमीटरमागे खर्च काढावा. तुमचा टायर झिजून जाणारच नाही, तो म्हातारा होऊन जाणार. तीन हजाराने तीस हजार किलोमीटर व्हायला दहा वर्षं लागतील, त्याआधीच रबर संपलेलं असेल. म्हणून तुम्ही हिशोब वर्षामागे करायचा. सात वर्षं धरू.

तुमच्या कोटेशनप्रमाणे मिशलिन पायलट स्पोर्ट ५ चा एक टायर १३५ युरो, चारचे ५४०, फिटिंग-बॅलन्सिंगचे २५ प्रमाणे १००, एकूण ६४०. भागिले सात, वर्षाला ९१ युरो. हँकूकचा सेट ४०० अधिक तेच १००, म्हणजे ५००, वर्षाला ७१. चायनीज सेट २४० अधिक १००, ३४०, वर्षाला ४९. फिटिंगचे शंभर तिन्हीकडे सारखेच लागतात हे लोक विसरतात आणि मग निम्म्याहून कमी किमतीत काम झालं असं वाटतं, प्रत्यक्षात सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यात वर्षाला ४२ युरोचा फरक आहे. महिन्याला साडेतीन युरो. म्युनिकमध्ये एवढ्यात एक कॉफी येते आणि तीसुद्धा उभ्यानेच प्यावी लागते.

आणि वहिनी, तुमच्यासाठी दुसरी बाजूही मांडतो. जुनेच टायर अजून दोन सिझन ओढले तर खरंच पैसे वाचतात, वर्षाला ९१ प्रमाणे १८३ युरो, कारण पुढची सगळीच खरेदी दोन वर्षांनी मागे जाते. ते मी नाकारत नाही. पण तुमच्या फोलकास्को (आपल्याकडचा कॉम्प्रिहेन्सिव्ह) इन्शुरन्समध्ये स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ५०० युरो आहे. पावसात एकदा गाडी घसरून गार्डरेलला लागली की ते ५०० गेले आणि नो-क्लेमचा म्हणजे प्रीमियमच्या सवलतीचा वर्ग खाली आला तो वेगळाच, त्याचा भुर्दंड पुढची काही वर्षं प्रीमियममध्ये भरत बसायचा. १८३ साठी एवढं कशाला? आणि गाडीत कोण बसलेलं असेल हा मुद्दा मी काढतच नाही.

मग तिन्हीपैकी कोणता? एक गोष्ट नीट बघा. मिशलिनने पायलट स्पोर्ट ५ विकताना टायर जास्त टिकतो यावर बराच भर दिलाय, आणि ते टिकणं तुमच्या काही कामाचं नाही. एडीएसीच्या, म्हणजे जर्मनीतल्या मोटार क्लबच्या, टायर टेस्ट वाचतानाही हेच लक्षात ठेवा, २०२३ पासून त्यांच्या एकूण मार्कांत ७० टक्के सुरक्षितता आणि ३० टक्के पर्यावरण असं वजन आहे आणि झीज त्या पर्यावरणाच्या भागात मोजतात. रोज गाडी चालवणाऱ्याला हे बरोबर आहे. तुम्ही मात्र एकूण मार्क सोडून द्या आणि फक्त ओल्या रस्त्याचा रकाना बघा. युरोपच्या लेबलवरही ओल्या ब्रेकिंगचा अक्षर-वर्ग असतो, ए सगळ्यात चांगला, एका वर्गाचा फरक म्हणजे ८० च्या स्पीडवरून थांबताना साधारण ३ ते ६ मीटर. तुमच्या साइजमध्ये, २०५/४५ आर १७, हँकूकला ओल्यासाठी ए असेल आणि टेस्टमध्येही ओल्या रस्त्यावर तो मिशलिनच्या जवळपास असेल तर सरळ हँकूक घ्या, वर्षाचे २० युरो वाचवा, काही गमावत नाही. ओल्यात मागे असेल तर मिशलिन. साठ युरोवाल्याला मात्र माझा नकार, आणि तो ब्रँडमुळे नाही, तुम्ही पाठवलेल्या लेबलवर ओल्यासाठी सी लिहिलंय म्हणून.

सेमी-स्लिकचं भूत डोक्यातून काढा. ते गरम झाल्यावर धरतात, आणि तुम्ही जाताय सप्टेंबरमध्ये ग्लॉकनरला, ४८ किलोमीटरचा रस्ता, ३६ हेअरपिन वळणं, होखटोर या खिंडीत २,५०४ मीटर उंची. तिथे सकाळी आठला थर्मामीटर शून्याच्या आसपास असू शकतो आणि रस्ता ओला. साधे समर टायरसुद्धा सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतात, सेमी-स्लिक तर तिथे दगडासारखे होतील. (पुण्या-नागपूरच्या वाचकांनी गोंधळू नये, आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक सगळे टायर या हिशोबाने समर टायरच, आपल्याला बाराही महिने समर.) ऑल-सीझनही नको, हिवाळ्यात गाडी तशीही रस्त्यावर नसते, जी थंडी तुमच्या गाडीला दिसणारच नाही तिच्यासाठी उन्हाळ्यातली पकड का घालवायची?

डॉट कोडची अजून एक गंमत आहे आणि तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला तीच सगळ्यात महत्त्वाची. जर्मनीत तीन वर्षांपर्यंतचा न वापरलेला टायर धंद्यात नवाकोराच समजतात. ऑनलाइन जो सेट तीस-चाळीस युरो स्वस्त दिसतो तो बऱ्याचदा जुना स्टॉक असतो. रोज चालवणाऱ्याला काही फरक पडत नाही, त्याची नक्षी आधी संपते, त्याने खुशाल घ्यावा. तुमच्या सात वर्षांतली दोन मात्र गोदामातच गेलेली असतील, म्हणजे चाळीस युरो वाचवायला १८३ युरोचं आयुष्य सोडून दिलं. फोनवरच विचारायचं, डॉट काय आहे? या वर्षीचं किंवा फार तर गेल्या वर्षाच्या शेवटचं. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर दुसरं दुकान.

आता बदलायचे की पुढच्या एप्रिलमध्ये? सिझन ऑक्टोबरला संपतोय, नवे टायर दोन महिने चालणार आणि मग पाच महिने गॅरेजमध्ये नुसते वय वाढवणार हे खरं आहे. ट्रिप नसती तर मी एप्रिलच सांगितलं असतं आणि तोपर्यंत पावसात गाडी काढू नका म्हटलं असतं. ट्रिपला जाताय तर आत्ताच. सात-आठ महिने लवकर घेतल्याची किंमत फार तर साठ युरो, त्यावर घासाघीस करू नका. शिवाय ऑगस्टमध्ये दुकानं मोकळी असतात, ऑक्टोबर आणि ईस्टरला सगळं जर्मनी टायर बदलायला रांगेत उभं असतं. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमाने चालवा, थेट घाटात घालू नका.

आता रिम्स. इथे मी वहिनींच्या बाजूने.

तुम्ही पाठवलेला घरखर्च असा आहे: दोघांचा हातात येणारा पगार ५,६००, त्यात वहिनींचे २,४००. महिन्याचा खर्च ४,१००, ईटीएफमध्ये (शेअर बाजारातले इंडेक्स फंड) ६००. अडीअडचणीसाठी टागेसगेल्डला (कधीही पैसे काढता येणारं बचत खातं) ९,०००. बाळ आल्यावर वहिनींच्या पगाराऐवजी एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी घरी राहणाऱ्या पालकाला मिळणारा सरकारी भत्ता, येणार, ६५ टक्क्यांनी १,५६० च्या आसपास (कमाल मर्यादा १,८०० ची आहे, तुम्ही त्याच्या आतच). म्हणजे ८४० युरोचा खड्डा, दर महिन्याला. ५,६०० चे ४,७६० झाले, त्यातून ४,१०० आणि ६०० गेले की उरतात ६०. आणि या ४,१०० मध्ये नव्या बाळाचा एक डायपरही धरलेला नाही. किंडरगेल्ड (मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ता) वाढेल ते त्यातच जाईल. आणि तुम्हाला यातून रिम्सचा ७९ युरोचा हप्ता काढायचाय. कुठून काढणार?

बिनव्याजी आहे ना, मग काय बिघडलं, असं तुम्ही लिहिलंय. व्याज शून्य असलं तरी कर्ज ते कर्जच. शुफामध्ये (आपल्या सिबिलसारखी संस्था) त्याची नोंद होऊ शकते, आणि मेलच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून लिहिलंय की दोन वर्षांत घर बघायचा विचार आहे, तर बँक होमलोन देताना चालू हप्ते बघतेच. शिवाय जर्मनीत रिम्स बदलणं म्हणजे नुसतं बोल्ट फिरवणं नाही, त्या रिमला तुमच्या गाडीसाठी परवानगीचे कागद हवेत, नसतील तर ट्यूफकडे (गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) तपासणी आणि गाडीच्या कागदावर नोंद, तो खर्च १,९०० सोडून वेगळा. आणि विकताना रिम्सचे पैसे कोणी देत नाही, एमएक्स-५ घेणाऱ्यांना मूळ रिम्सच आवडतात.

तुमचा इमर्जन्सी फंड आत्ता दोन महिन्यांपेक्षा थोडाच जास्त चालेल एवढा आहे. दोन मुलं, एक पगार, व्हिसा नोकरीला बांधलेला, मला किमान चार महिन्यांचा हवाय, म्हणजे १६,४००. जानेवारीपर्यंत तेवढं होणार नाही, मान्य, म्हणून ईटीएफचा प्लॅन बंद न करता ६०० चा २०० करा आणि ४०० टागेसगेल्डला वळवा. एल्टर्नगेल्ड संपलं की परत ६००. यावर लोक मला चक्रवाढीचं गणित ऐकवतात, ऐकवू देत. मार्केट पडलेलं असताना डायपरसाठी युनिट विकावे लागण्यापेक्षा हे परवडलं.

आणि गाडी विकायचं म्हणाल तर टायरवरून भांडण्यात अर्थ नाही. तुमचा खर्च मी मांडून बघितला: सात महिन्यांचा इन्शुरन्स आणि टॅक्स ५२०, सर्व्हिसिंग आणि ट्यूफचं वर्षाला सरासरी ४००, पेट्रोल ३७० च्या आसपास, आणि गॅरेजचं भाडं महिना ७० म्हणजे वर्षाला ८४०. त्यात टायरचे ९१ टाकले तर २,२२१. किलोमीटरमागे ७४ सेंट, आणि गाडीची किंमत घसरते ती वेगळीच. यात टायर चार टक्के. गॅरेज अडतीस टक्के! त्याबद्दल तुमच्या दोघांच्या मेलमध्ये एक ओळ नाही. शहराबाहेर कोणाच्या शेडमध्ये हिवाळ्यापुरती जागा मिळते का बघा, पाच महिने दरमहा तीस युरोत जरी भागलं तरी वर्षाला २०० वाचतात, फक्त सध्याचं गॅरेज सिझनपुरतंच ठेवता येईल का ते घरमालकाला विचारा. सिझन पाच महिन्यांवर आणून इन्शुरन्स वाचवायची आयडिया मात्र करू नका, सहा महिन्यांपेक्षा कमी सिझन असला की नो-क्लेमचा वर्ग त्या वर्षी पुढे सरकत नाही.

दोन सीटची गाडी, दोन मुलं, पुढच्या दोन वर्षांत ती किती बाहेर निघेल हे तुम्हीच ठरवा. येत्या वसंतात विकायची असं आत्ताच मनाशी पक्कं असेल तर सात वर्षांचं गणित तुम्हाला लागू नाही, हँकूक टाका, जाहिरातीत टायर नवे एवढं लिहिता आलं की बस. ठेवायची असेल तर वर सांगितलं तसं.

पैसे टागेसगेल्डमधून एकदम भरा, हप्ता नको. त्यानंतर त्याच खात्यात गाडीसाठी म्हणून दहा युरोची महिन्याची स्टँडिंग ऑर्डर लावा, सात वर्षांनी ८४० झालेले असतील आणि पुढच्या सेटला मला मेल करायची गरज पडणार नाही. नोव्हेंबरला गाडी उभी करताना हवा अर्धा बार जास्त भरा, नाहीतर एका जागी उभं राहून टायर चपटे होतात. जुने टायर विकायच्या भानगडीत पडू नका, आठ वर्षांच्या टायरला कोणी वाली नाही, दुकानदार विल्हेवाटीचे चार पैसे मागेल ते देऊन मोकळे व्हा.