डौंडियाखेड्यात खरंच १००० टन सोनं पुरलेलं होतं का?

पुरावा नाही. उत्तर प्रदेशच्या उन्नाव जिल्ह्यातल्या या पडक्या किल्ल्यात राजा राव रामबक्ष सिंहांचं सोनं आहे, हे एका साधूच्या स्वप्नातून आलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला जमिनीखाली धातूसारखे संकेत मिळाले होते, पण असे संकेत म्हणजे सोनं नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये पुरातत्त्व खात्याने खोदलं, तेव्हा निघाली खापरं, विटा, बांगड्यांचे तुकडे. आकडाच बघा ना: तेव्हा रिझर्व्ह बँकेकडे मिळून साधारण ५५८ टन सोनं होतं. एका छोट्या राजाकडे त्याच्या जवळपास दुप्पट कुठून येणार? वाईट याचं वाटतं, की १८५७ च्या उठावात लढून फाशी गेलेला हा राजा आपल्याला फक्त सोन्यामुळे कळला.