वाचक विचारतात : कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले, आता पुढे?

प्रश्न : वडील जलसंपदा विभागातून निवृत्त झाले. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. आता आईही नाही. बहीण ४६ वर्षांची, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. तिच्यासाठी अर्ज केला, तर ‘पी.पी.ओ.त (निवृत्तिवेतन प्रदान आदेशात) नाव नाही’ म्हणून कागद परत आले. त्याला आठ महिने झाले, चार स्मरणपत्रे दिली. कोर्टात जाता येईल का? – एक वाचक, जालना

उत्तर : येईल, पण दिवाणी न्यायालयात नव्हे. राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे जातात. तुमच्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरचे.

स्मरणपत्रे आता थांबवा. मॅटमध्ये जाण्याची मुदत एक वर्षाची, आणि ती नकाराच्या पत्रापासून मोजतात; पुन्हा पुन्हा पत्रे दिल्याने ती वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. म्हणजे तुमच्या हाती चार महिने आहेत. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. निवृत्तिवेतनाचा हक्क दरमहा नव्याने उभा राहतो म्हणून दार सहसा बंद होत नाही, पण थकबाकी साधारणपणे दाखल तारखेच्या मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

मॅट तुमचा अर्ज पहिल्यापासून तपासत बसत नाही; दिलेला नकार नियमाला धरून आहे का, एवढे पाहते. त्यामुळे नकाराचा मूळ कागद हवाच. बरेच जण कार्यालयाचे दोन ओळींचे पत्र जोडतात आणि महालेखापालांचा, म्हणजे निवृत्तिवेतनाची प्रकरणे तपासणाऱ्या लेखा कार्यालयाचा, आक्षेप फाइलमध्येच राहतो. माहिती अधिकारात (शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस) आक्षेपाचे पत्र, कार्यालयीन टिपणी आणि सेवापुस्तकातील कुटुंबाच्या तपशिलाचे पान मागा. आदेशात नसलेली कारणे शासनाला नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाहीत. म्हणून ‘आणखी काही त्रुटी असल्यास कळवावे’ असे पत्र चुकूनही देऊ नका; त्रुटी हमखास सापडतात.

‘नाव नाही’ हे कारण मुळात लंगडे आहे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम ११६ कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला हयातभर हक्क देतो. हक्क नियमातून येतो, नोंदीतून नव्हे.

प्रकरणे अडकतात ती प्रमाणपत्रावर. दिव्यांग कार्डावर टक्केवारी असते. नियम विचारतो, उपजीविका कमावता येते का? ‘कमावण्यास असमर्थ’ हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्या. जुने शाळेचे, दवाखान्याचे कागद जोडा.

अर्ज बहिणीच्याच नावाने, पालकामार्फत करा. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली पालक नेमते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती. ते काम आजच सुरू करा. प्रतिवादींत विभागाचे सचिव, कार्यालय प्रमुख आणि नागपूरचे महालेखापाल, तिघेही हवेत. मागणीत नुसते ‘पत्र रद्द करावे’ लिहिलेत, तर प्रकरण फेरविचाराला परत जाऊन तिथेच पडून राहू शकते. मंजुरी, थकबाकी आणि कालमर्यादा, तिन्ही मागा.

प्रश्न : वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. आम्हीही मॅटकडेच जायचे का?

उत्तर : नाही. जिल्हा परिषद कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करा.