साथीच्या काळात मेलबर्नमध्ये मदत मिळते का, या प्रश्नाला उत्तर

तुम्ही सिंहगड रस्त्यावर राहता, कंपनीच्या प्रायोजकत्वावर मेलबर्नला जाण्याची तयारी चालू आहे, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी असेल, आई अधूनमधून येऊन राहतील. आणि तुमचा प्रश्न असा आहे की करोनासारखी साथ पुन्हा आली तर बाहेरून आलेल्या माणसाला तिथे कोणता आधार मिळतो. हा प्रश्न वाचल्यावर दोन दिवस मी उत्तर टाळले. सध्या मी महिनाभरासाठी कोथरूडला आईकडे आलो आहे आणि त्या वर्षाची सगळी कागदपत्रे तिच्या कपाटात, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या निळ्या फाइलमध्ये अजून तशीच आहेत. ती काढून बसलो, म्हणून उत्तर लांबले आहे. व्हिसाचे शुल्क, गुणांचा हिशेब, इंग्रजीची परीक्षा हे सारे सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी सांगत नाही.

तिथे मदत व्हिसाचा वर्ग पाहून मिळते. हे मला मार्च २०२० पर्यंत ठाऊक होते, पण त्याचा अर्थ कळलेला नव्हता. मी त्या वेळी ४८२ या तात्पुरत्या व्हिसावर होतो. साथ आली, कंपनीने कामाचे तास निम्मे केले, आणि सरकारने नोकऱ्या टिकवण्यासाठी दर पंधरवड्याला १५०० डॉलरची जॉबकीपर योजना आणली, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ती मिळाली आणि मला मिळाली नाही. कर दोघेही सारखाच भरत होतो. ३ एप्रिलला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी, ज्या पाहुण्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नाही त्यांनी मायदेशी परतावे, असे जाहीरपणे सांगितले. भारताने २२ मार्चपासूनच आंतरराष्ट्रीय विमाने बंद केलेली होती, त्यामुळे परतायचे म्हणजे कसे, याचा खुलासा कोणी केला नाही. आम्हाला सवलत मिळाली ती स्वतःच्याच निवृत्तीनिधीतून दहा हजार डॉलरपर्यंत काढण्याची. नोकरी गेली असती तर नवा प्रायोजक शोधायला ६० दिवस होते. १ जुलै २०२४ पासून ती मुदत १८० दिवसांची झाली आहे, एवढा तरी तुमचा फायदा आहे.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. करोनाची चाचणी आणि पुढे लस तिथे सर्वांना मोफत मिळाली, मेडिकेअर हे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे कार्ड असो वा नसो. रेड क्रॉसमार्फत तात्पुरत्या व्हिसाधारकांना एकरकमी मदत मिळत होती, व्हिक्टोरिया राज्याने परदेशी विद्यार्थ्यांना ११०० डॉलरपर्यंत रक्कम दिली. ज्यांच्या आश्रयाचे अर्ज वर्षानुवर्षे लटकलेले आहेत, त्यांच्यासाठी फुट्सक्रेचे असायलम सीकर रिसोर्स सेंटर २००१ पासून धान्य आणि दवाखाना चालवत आले आहे. म्हणजे दारे होती. माझी अडचण अशी होती की त्यांतल्या एकाही दारावर मी गेलो नाही. आपण मंडळाच्या गणपतीला वर्गणी देणारी माणसे, हात पसरणारी नव्हे, हे माझ्या डोक्यात इतके घट्ट बसले होते की रेड क्रॉसचा अर्ज पत्नीने भरून ठेवला असताना मी तो तिच्यासमोर पुसून टाकला. त्या रात्रीचे भांडण, तेव्हा आमच्याकडे आलेल्या आईने ऐकले. भाषा आपलीच असल्यामुळे तिच्यापासून काही लपवण्याची सोय नव्हती.

आता आईच्या फाइलविषयी, कारण तुमच्या आईंना हेच भोगावे लागू नये. ती जानेवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आली होती आणि तिच्या व्हिसावर ८५०३ ही अट होती. तिचा अर्थ असा की देशात राहून पुढच्या मुक्कामाचा अर्ज करता येत नाही. एप्रिलमध्ये मुदत संपणार, विमान नाही, आणि थांबण्यासाठी अर्ज करण्याआधी अर्ज करण्याची परवानगी मागणारा १४४७ क्रमांकाचा अर्ज करायचा. परिस्थिती आपल्या हाताबाहेरची आहे, हे पुराव्यासह दाखवावे लागते. सारे जग बंद असल्याचा पुरावा म्हणून मी विमान कंपनीच्या रद्द तिकिटाचा ईमेल जोडला आणि अकरा रात्री उत्तराची वाट पाहिली. अट शिथिल झाली, नवा अर्ज झाला, निकाल लागेपर्यंत राहू देणारा ब्रिजिंग व्हिसा आला. पण तोवर तिचा प्रवासी विमा संपला होता आणि रक्तदाबाच्या गोळ्याही. स्वतःपुरती तीन महिन्यांचीच औषधे सोबत नेता येतात, हे आपण नियम म्हणून वाचतो. चौथा महिना उजाडेल असे कोणाच्या मनात नसते. तिच्या गोळ्यांच्या पट्टीवरचे भारतीय नाव तिथल्या डॉक्टरला ओळखू येईना. मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर ती चुरगळलेली चंदेरी पट्टी तिरकी धरून मागची बारीक अक्षरे वाचून दाखवत होतो, आणि तपासणीचे पूर्ण शुल्क भरत होतो, कारण भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही. तेव्हा आईंच्या प्रत्येक गोळीतील मूळ औषधाचे नाव पुण्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि व्हिसाचे पत्र हाती पडताच ८५०३ हा आकडा त्यात शोधा.

भाषेबद्दल. टीआयएस नॅशनल ही सरकारी दुभाषी सेवा १३१ ४५० या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे ठामपणे मराठी मागा. आम्हाला दोनदा आपणहून हिंदी दुभाषी जोडून देण्यात आला आणि आई, सभ्यतेपोटी, सगळ्याला हो म्हणत राहिली. भाषेविना सरकार काय करू शकते हे ४ जुलै २०२० ला दिसले. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधील सरकारी घरांचे नऊ मनोरे, ज्यांत सुमारे तीन हजार माणसे राहत होती आणि त्यांत निर्वासित व स्थलांतरित पुष्कळ होते, त्या दुपारी रहिवाशांसह तत्काळ बंद करण्यात आले. खाली पोलीस उभे राहिले, दुभाषी मागाहून आले, आणि निरोप भाषांतरित करून घरोघर पोचवण्याचे काम तिथल्याच तरुण मुलांनी केले. त्या तातडीच्या बंदीने मानवी हक्कांचा भंग झाला, असा निष्कर्ष राज्याच्या लोकपालांनी डिसेंबरमध्ये काढला. लष्करी कायद्यातून पळून आलेल्या माणसाला दारात गणवेश दिसणे म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही. मी टार्नीटमधल्या चार खोल्यांच्या भाड्याच्या घरात दूरचित्रवाणीवर ते पाहत होतो.

माझ्या मुलीच्या शाळेची गोष्ट मी सहसा सांगत नाही. प्रवेशअर्जात घरची भाषा मी मराठी लिहिली होती, शाळेच्या नोंदीत ती हिंदी झाली, आणि दोनदा पत्र लिहूनही बदलली नाही. घरून शाळा सुरू झाल्यावर तिच्या शिक्षिकेने कळवले की ती बोलत नाही, तिला इंग्रजी समजत नसावे, म्हणून तिला वाचनाच्या खालच्या गटात हलवले आहे. मी संतापून लांबलचक उत्तर पाठवले. खरे कारण मी त्यात लिहिले नाही. घरात कामाला बसता येईल अशी एकच खोली आणि एकच लॅपटॉप होता, माझ्या बैठका चालू असत, आणि माइक चालू करायचा नाही अशी ताकीद तिला मीच दिली होती. शाळा गरजू मुलांना टॅब्लेट उसना देत होती. तोही मी मागितला नाही. ती आता मोठी आहे, उत्तम वाचते, पण वर्गात हात वर करण्यापूर्वी अजून माझ्याकडे पाहावे तशी इकडेतिकडे पाहते, असे तिची आई सांगते.

एकटेपणाबद्दल विचारले आहे. त्याची सवय होते.

अन्नाचा प्रश्न शेवटी आईनेच सोडवला. शीख स्वयंसेवक गाडीतून मोफत शाकाहारी जेवण पोचवत असत. तिने शेजारच्या पंजाबी बाईंना मोडक्या हिंदीत सांगून आमचे नाव दिले आणि मला राजमा ताटात वाढल्यावर कळले. पुढे अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने ती परतली. एप्रिल २०२१ मध्ये ती इथे एकटी आजारी पडली, तेव्हा मला यायला कोणी अडवले नव्हते, पण परवानगीशिवाय परत जाता आले नसते, आणि ३ ते १५ मे या दिवसांत तर भारतातून थेट परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही ऑस्ट्रेलियाने तुरुंगाची भीती घातली होती. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तिला दवाखान्यात नेले. मी आलो नाही. नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा अशी कारणे मी तेव्हा मोजून दाखवली होती, ती खोटी नव्हती. तिने घेतलेली लस आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावात बनलेली कोविशील्ड. त्या लसीला ऑस्ट्रेलियाची मान्यता १ ऑक्टोबरला मिळाली, आणि तिथल्या नागरिकांचे व कायम रहिवाशांचे आईवडील जवळचे कुटुंब म्हणून प्रवेशाला पात्र ठरले ते १ नोव्हेंबरपासून.

जाऊ नका असे मी म्हणत नाही, मीही पुढच्या आठवड्यात परत जातो आहे. पोचल्यावर पहिल्या महिन्यात, काही अडलेले नसताना, जवळच्या स्थलांतरित सेवा केंद्रात जाऊन नाव नोंदवा आणि मुलीच्या नोंदीत घरची भाषा काय लिहिली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. काल आईला विचारले, पुन्हा येशील का. तिने एवढेच विचारले की गोळ्या अजून तीन महिन्यांच्याच नेता येतात का.